शांतिसेना परत आणायची की ठेवायची? १९८७–९० च्या वादाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या गावी पाऊस लागला की वाचनालयाच्या पडवीत गप्पा रंगतात. निवृत्त फौजी, सुटीवर आलेले फौजी, भरतीची तयारी करणारी पोरं आणि माझ्यासारखा इतिहासाचा मास्तर. जगात कुठली ना कुठली फौज परक्या मुलखात अडकलेली असतेच, आणि तो विषय निघाला की गाडी हमखास श्रीलंकेवर येते, म्हणजे १९८७ ते ९० मध्ये भारताने तिथे पाठवलेल्या शांतिसेनेवर. अमेरिका काबूलमधून निघाली त्या ऑगस्टमध्ये पोरांनी इतके प्रश्न विचारले की मी ते वहीत उतरवून ठेवले. खाली तेच आहेत. उत्तरं माझी आहेत. मी लष्करात नव्हतो; माझे काका होते, आणि ते तिथे होते. मी तेव्हा शाळकरी पोर, काकीला लिहिता येत नसे म्हणून तिची पत्रं लिहून देणारा.

ही फौज तिथे गेली कशाला?

श्रीलंकेत सिंहली बहुसंख्य, तमिळ अल्पसंख्य. जुलै १९८३ मध्ये तमिळांविरुद्ध मोठ्या दंगली झाल्या, त्यानंतर तमिळ तरुणांचे सशस्त्र गट फोफावले. त्यांतल्या अनेकांना शस्त्रं आणि प्रशिक्षण भारतातच मिळालं होतं. पुढचं सगळं समजायला हे आधी कबूल करावं लागतं.

१९८७ च्या उन्हाळ्यात लंकेच्या लष्कराने जाफन्याची कोंडी केली. भारताने बोटींतून मदत पाठवली, ती लंकेच्या नौदलाने परत फिरवली. मग ४ जूनला हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर धान्य आणि औषधं टाकली, सोबतीला मिराज लढाऊ विमानं. मदत थोडी होती, दटावणी मोठी. २९ जुलैला पंतप्रधान राजीव गांधी आणि लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या (तमिळ प्रांताला अधिकार मिळायचे, सशस्त्र गटांनी शस्त्रं टाकायची) आणि लगेच आपले जवान जाफना भागात उतरू लागले. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना एका लंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ते वाकले म्हणून डोकं वाचलं, फटका खांद्याशी बसला. पाहुण्याचं स्वागत कसं होणार आहे, ते सुरुवातीलाच कळलं होतं.

शांतिसेना होती, मग लढली कुणाशी?

ज्यांना वाचवायला गेली असं आपण समजत होतो, त्यांच्यातल्याच एका गटाशी. करार दोन सरकारांत झाला होता. एलटीटीईने, म्हणजे स्वतंत्र तमिळ देशासाठी लढणाऱ्या 'तमिळ टायगर' गटाने, त्यावर सही केली नव्हती. शस्त्रं टाकण्याचा देखावा झाला आणि थोडीच शस्त्रं आली. सप्टेंबरमध्ये थिलीपन या त्यांच्या तरुण नेत्याने जाफन्यात अन्नपाणी सोडलं आणि २६ सप्टेंबरला प्राण सोडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंकेच्या नौदलाने एलटीटीईच्या सतरा जणांना समुद्रात पकडलं. त्यांना कोलंबोला नेण्याची तयारी चालू असताना त्यांनी सायनाइड खाल्लं, बारा मेले. तिथून सगळंच फिसकटलं. १० ऑक्टोबरच्या सुमारास 'ऑपरेशन पवन' सुरू झालं.

जाफना घ्यायला जेवढे दिवस लागतील असं वरच्यांना वाटलं होतं, त्याहून जास्त लागले आणि रक्त कितीतरी जास्त सांडलं. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या तुकडीतला शीख लाइट इन्फंट्रीचा जवळजवळ प्रत्येक जवान मारला गेला. शिखरावर असताना शांतिसेनेत चार डिव्हिजन होत्या, सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात माणसं. अकराशेहून अधिक जवान परत आले नाहीत.

आपल्या लोकांकडून अत्याचार झाले का?

झाले. २१ ऑक्टोबर १९८७ ला, आपल्याकडे अभ्यंगस्नानं चालली होती त्या दिवशी, जाफन्याच्या रुग्णालयात गोळीबार झाला. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठाच्या वर माणसं गेली. आतून गोळ्या आल्या म्हणून उत्तर दिलं, असं लष्कराचं म्हणणं. वाचलेल्यांचं म्हणणं वेगळं. पडवीत हा प्रश्न आला की माना खाली जातात. मी तो गाळत नाही. मागे बोलवा म्हणणाऱ्या तमिळांच्या रागाचं मूळ तिथे आहे, आणि ते सोडून हा वाद सांगणं म्हणजे अर्धाच सांगणं.

कोकणाचा या सगळ्याशी काय संबंध?

रामेश्वरच्या कोळ्याला लंका शेजारची. आम्हाला ती दशावतारातली. पण फौजेची परंपरा इथे जुनी. दापोलीत इंग्रजांची छावणी होती आणि पेन्शनर सुभेदार-जमादारांची घरं होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर तिथेच राहिले होते. सावंतवाडीकडच्या घाटातल्या गावांत आजही घरटी एक तरी वर्दी निघते. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही बेळगावातच. या दोन्ही रेजिमेंटच्या पलटणी शांतिसेनेत होत्या. शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळालं. तमिळ घरातला, मुंबईत जन्मलेला अधिकारी, हाताखाली मराठी जवान, आणि समोर तमिळ बोलणारा शत्रू. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच पाडलं.

राजकीय वाद दिल्ली, कोलंबो, मद्रासमध्ये चालला. पत्रं मात्र इकडे येत होती. पत्त्यावर गाव नाही, फक्त पलटण आणि '५६ एपीओ', लष्करी टपालाचा पत्ता.

'परत जा' असं आधी कुणी म्हटलं?

सिंहली राष्ट्रवाद्यांनी, अगदी पहिल्या दिवसापासून. जयवर्धन्यांचे स्वतःचे पंतप्रधान रणसिंघे प्रेमदासा यांना करार पसंत नव्हता. माजी पंतप्रधान सिरिमावो बंडारनायके विरोधात होत्या. दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाने भारतीय फौजेचं निमित्त करून बंड पेटवलं. डिसेंबर १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रेमदासा आणि सिरिमावो, दोघांनीही फौज घालवून देण्याचं वचन दिलं. म्हणजे लंकेच्या मतदाराला यात निवडायला काही नव्हतंच.

प्रेमदासा जिंकले. एप्रिल १९८९ पासून त्यांनी एलटीटीईशी बोलणी सुरू केली आणि १ जूनला जाहीर भाषणात सांगून टाकलं: कराराला दोन वर्षं होतील त्या दिवशी, २९ जुलैला, शेवटचा भारतीय जवान आमच्या भूमीवर नको. आधी दिल्लीला पत्र नाही, बोलणं नाही, माइकवरून नोटीस.

आमच्याकडे ती बातमी सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांत आली. काकीने कालनिर्णयवर २९ जुलैला पेन्सिलने गोल केला.

यजमानच जा म्हणाला, मग वाद कसला उरला?

पोरांचा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर वाटतं तितकं सोपं नाही, पण माझ्या मते ते शेवटी पोरांच्याच बाजूचं आहे.

करारात कलम असं होतं की श्रीलंका सरकारने लष्करी मदत मागितली तर भारत ती देईल. फौज गेली ती या मागणीवर. लंकेचा युक्तिवाद सरळ: बोलावणं आमचं, तेव्हा निरोपही आमचा. त्यांच्या बाजूला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७४ साली केलेली आक्रमणाची व्याख्याही होती. तिच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे की संमतीने आलेलं सैन्य त्या संमतीचा करार संपल्यावरही राहिलं तर तेही आक्रमणच.

दिल्लीचं उत्तर असं: आम्ही भाड्याने आलेले राखणदार नव्हे. करार दोन देशांत झाला, त्यात तमिळ प्रांताला अधिकार द्यायचं तुम्ही कबूल केलंत, आम्ही त्याचे जामीन. तुमचं काम अपुरं असताना एकट्याने तारीख कशी ठरवता? फौज निघणं आणि करार पाळणं या गोष्टी जोडीने चालल्या पाहिजेत. जून-जुलैत दोन्ही बाजूंनी लांबलचक पत्रं गेली, प्रत्येकात आधीच्या पत्राची चूक काढलेली.

दिल्लीचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रांताला अधिकार कागदावरच राहिले होते. पण जामीन राहिलेला माणूस कर्जदाराच्या घरात बंदूक घेऊन बसू शकत नाही. खरी उणीव त्या कागदातच होती. फौज कशी येणार ते लिहिलं होतं. कधी जाणार, कोण ठरवणार, जाण्याआधी काय पुरं झालेलं असायला हवं, यावर ओळ नाही. आमच्याकडे खंडाने बाग देतानासुद्धा किती वर्षांसाठी ते आधी लिहितात.

मग थांबा म्हणणारे काय मूर्ख होते?

नाही, आणि त्यांची बाजू नीट ऐकल्याशिवाय मी कुणाला पुढे बोलू देत नाही.

पहिली गोष्ट, माणसांची. नोव्हेंबर १९८८ मध्ये आपल्या संरक्षणाखाली उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली आणि ईपीआरएलएफ या गटाचे वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. कारकून, शिक्षक, वाटाडे, दुभाषे, अशा शेकडो तमिळांनी आपल्या भरवशावर एलटीटीईचं वैर घेतलं होतं. फौज निघाली की त्यांचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसरी, बंदराची. करारासोबतच्या पत्रांत त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताला बाधक अशा लष्करी वापरासाठी कुणाला द्यायचं नाही, तिथल्या तेलाच्या टाक्या भारताबरोबर मिळून दुरुस्त करायच्या, असं लंकेने मान्य केलं होतं. घाईने निघालो तर तेही हातचं जाईल ही भीती.

तिसरी, एलटीटीई दमली आहे ही समजूत. जंगलात रेटा चालू होता, आणखी सहा महिने द्या, असं म्हणणारे अधिकारी होते. यातला जो भाग प्रेमदासांनी पोखरला तो मात्र अजबच: आपल्याच भूमीवर आलेल्या पाहुण्या फौजेशी लढण्यासाठी त्यांच्या सरकारने एलटीटीईला शस्त्रं पुरवली. काका या एका गोष्टीवर अजून तापतात. एरवी ते लंकेबद्दल बोलतात ते तिथल्या नारळांविषयी.

पण आणखी सहा महिने ही मागणी कधी संपत नाही. दर सहा महिन्यांनी ती तेवढीच खरी वाटते.

जवान गेले ते वाया गेले का? मग अर्ध्यावर कसं सोडायचं?

हा प्रश्न पुस्तकातून येत नाही, घरातून येतो. शेजारच्या गावातला एक मुलगा १९८७ च्या डिसेंबरात गेला. त्या घरात हा वाद बाप आणि धाकटा भाऊ यांच्यात झाला, आणि मी तो ओटीवर बसून ऐकलेला आहे. बाप म्हणाला, "माझो झील गेलो तो गेलो. आता दुसऱ्याचो कित्याक जावक व्हयो?" भाऊ म्हणाला, "मगे दादा फुकट गेलो काय?"

दिल्लीत मोठ्या शब्दांत जे चाललं होतं ते याहून निराळं नव्हतं. भावाचं दुःख खोटं नाही. पण त्याच्या बोलण्यातून जे निघतं ते भयंकर आहे: आधीच्या मरणाला अर्थ यावा म्हणून पुढची मरणं. असा हिशेब चालवला तर जितके जास्त जातील तितकं परतणं अवघड होतं, आणि जी फौज सगळ्यात वाईट अडकली तिलाच सगळ्यात जास्त काळ ठेवावं लागतं. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी हेच बोललं गेलं, इराकच्या वेळी हेच, अफगाणिस्तानच्या वेळीही.

बापाचं वाक्य मला जास्त पटतं. त्याला तो अधिकार होता, हेही आहे. तेच वाक्य एखादा पुढारी बोलला असता तर मी ऐकून घेतलं नसतं.

तमिळनाडूचा रेटा किती होता?

भरपूर, आणि उलटसुलट. आधी फौज पाठवा म्हणणारे तिथेच होते, नंतर फौज तमिळांनाच मारते आहे म्हणणारेही तिथेच. जानेवारी १९८९ मध्ये करुणानिधी मुख्यमंत्री झाले. मार्च १९९० मध्ये परतलेल्या जवानांच्या मद्रासमधल्या स्वागताला ते गेले नाहीत. आमच्याकडच्या फौजी मंडळींनी हे अजून विसरलेलं नाही. मी त्यांना सांगतो, ते मतदारांकडे पाहून वागले. फौजी म्हणतात, मग आम्ही कुणाकडे पाहून लढलो?

संसदेने मतदान करून फौज पाठवली होती का? परत आणली का?

दोन्ही नाही. आपल्या घटनेत सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, अनुच्छेद ५३. प्रत्यक्षात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतं. युद्ध आणि शांतता, परदेशांशी करार, हे विषय संघसूचीत आहेत. पण फौज बाहेर पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्या असं बंधन कुठेच नाही. सभागृहात निवेदन होतं, चर्चा होते, खर्च मंजूर होतो. बस.

अमेरिकेत १९७३ चा युद्धाधिकार ठराव आहे. काँग्रेसची परवानगी नसेल तर साठ दिवसांत फौज मागे घ्यावी लागते. अर्थात तिथल्या अध्यक्षांनी त्यातून पळवाटा काढल्या. ब्रिटनमध्ये २९ ऑगस्ट २०१३ ला सरकारने सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव मांडला, तो २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि पंतप्रधानांनी तो मानला.

१९८७ साली लोकसभेत काँग्रेसचे चारशेहून अधिक खासदार होते. मतदान झालं असतं तरी निकाल ठरलेलाच. विरोधकांचा सगळा दम त्या वर्षी बोफोर्सने खाल्ला. आणि योगायोग असा की जुलै १९८९ च्या शेवटी, प्रेमदासांची मुदत संपत असताना, लोकसभेतल्या बहुसंख्य विरोधी खासदारांनी बोफोर्सवरून सामुदायिक राजीनामे दिले होते. हजारो माणसं परदेशात लढत होती आणि समोरचे बाक रिकामे होते.

आपला खासदार तेव्हा कोण होता?

राजापूरचे मधू दंडवते, १९७१ पासून. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं त्यात ते अर्थमंत्री झाले. म्हणजे फौज परत आणणाऱ्या मंत्रिमंडळात आमचा माणूस होता. त्या निवडणुकीत आमच्या भिंतींवर बोफोर्स होतं, कोकण रेल्वे होती. श्रीलंका लिहिलेली एकही भिंत मला आठवत नाही. १९९१ ला दंडवते हरले, आणि निवडून आले ते लष्करातून आलेले सुधीर सावंत. याचा शांतिसेनेशी संबंध जोडू नका. जोडावासा वाटतो खरा.

सरकार बदललं म्हणून फौज परत आली, हे खरं ना?

अर्धं खरं. विश्वनाथ प्रताप सिंहांना श्रेय किंवा दोष देणारे दोघंही एक तारीख विसरतात. २९ जुलै १९८९ ला राजीव गांधींच्याच सरकारने सहाशेच्या आसपास जवानांची पहिली तुकडी परत आणली. प्रेमदासांची मुदतही पाळल्यासारखी झाली आणि नाकही राहिलं. १८ सप्टेंबरला दोन्ही सरकारांनी ठरवलं: आपली चढाई थांबवायची आणि ३१ डिसेंबरपर्यंत सगळी फौज काढायची. नव्या सरकारने ती मुदत ३१ मार्चपर्यंत नेली आणि पाळली. शेवटची जहाजं २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली.

काकीच्या कालनिर्णयवर असे तीन गोल झाले. डिसेंबरातला गोल चुकला तेव्हा वर्ष बदललं होतं, तिने नवं कालनिर्णय आणून मार्चच्या पानावर पुन्हा काढला. मला पत्र सांगताना म्हणाली, "लिही, हयसर सगळे तारखो सांगतत. इचारूक कोणी येवक नाय."

फौज आल्यावर तिथे काय झालं?

थांबा म्हणणाऱ्यांना जी भीती होती ती जवळजवळ शब्दशः खरी ठरली. आपण घाईघाईत उभी केलेली 'तमिळ नॅशनल आर्मी', जिच्यात पोरासोरांना जबरदस्तीने ओढलं होतं, ती एलटीटीईपुढे कोसळली आणि तिची शस्त्रं त्यांच्याच हाती गेली. पेरुमाळ यांनी १ मार्चला एकतर्फी स्वतंत्र ईलम, म्हणजे तमिळ देश, पुकारला आणि आपल्या शेवटच्या जहाजाआधीच ते भारतात येऊन पोचले. जूनमध्ये एलटीटीई आणि प्रेमदासा यांची दोस्ती तुटली. शरण आलेल्या सहाशेच्या आसपास पोलिसांना एलटीटीईने मारलं आणि युद्ध पुन्हा पेटलं. त्याच महिन्यात ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ यांचा मद्रासमध्ये साथीदारांसह खून झाला. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने राजीव गांधींना मारलं. राजीव पुन्हा सत्तेवर आले तर फौज पुन्हा येईल, ही भीती त्या हत्येमागे होती असं खटल्यात पुढे आलं. १ मे १९९३ ला प्रेमदासांनाही एलटीटीईच्याच आत्मघातकी माणसाने मारलं. युद्ध संपलं ते २००९ च्या मे महिन्यात.

म्हणजे परत येणं चुकलं?

नाही. हा उलटा हिशेब आहे. आपण निघालो म्हणून युद्ध पेटलं असं म्हणायला आपण होतो तेव्हा ते विझलेलं असायला हवं होतं. बत्तीस महिन्यांत ते विझलं नाही. त्या काळात ते आपल्या माणसांच्या जिवावर चाललं होतं एवढंच.

चुकलं ते निघण्यात नाही, निघण्याच्या रीतीत. ज्यांनी आपल्यासाठी वैर घेतलं त्यांना आधी बाहेर काढायला हवं होतं, बंदुका देऊन मागे ठेवायला नको होतं. आणि निदान वर्षभर आधी, प्रेमदासा निवडून आले त्या आठवड्यात, आपणच तारीख मांडली असती तर ती आपली झाली असती. सहा महिने थांबलो आणि दुसऱ्याची तारीख स्वीकारली. पडवीतले दोन हवालदार माझ्याशी यावर कधीच सहमत झाले नाहीत. त्यांच्या मते तारीख सांगितली की शत्रू झाडाखाली बसून वाट बघतो. तेही खरं आहे. पण शत्रूचं घर तिथेच होतं. तारीख सांगा न सांगा, तो वाट बघणारच होता.

अफगाणिस्तानशी तुलना होते का?

दोनदा होते. आपण अडकलो होतो त्याच काळात, १५ फेब्रुवारी १९८९ ला, शेवटची सोव्हिएत तुकडी पूल ओलांडून अफगाणिस्तानातून बाहेर पडली. मागे ठेवलेलं नजीबुल्ला सरकार एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं, कारण मॉस्कोचा पैसा आणि दारूगोळा येत राहिला. अमेरिकेने फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्याला तालिबानशी करार केला, काबूल सरकारला बाजूला ठेवून. काबूल १५ ऑगस्ट २०२१ ला पडलं, शेवटचं विमान ३० ऑगस्टला गेलं. आपलं पेरुमाळ सरकार याच दुसऱ्या जातीचं. ज्या सरकारला स्वतःच्या लोकांत मूळ नसतं आणि ज्याचा पुरवठाही तुटतो, ते पाहुण्याच्या पाठोपाठच निघतं.

आपण काही शिकलो?

२००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये भारतीय डिव्हिजन मागितली. दिल्लीत पाठवण्याच्या बाजूचे कमी नव्हते. पण एप्रिलमध्ये संसदेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला होता. त्यात कोणता शब्द घालायचा यावर घासाघीस झाली आणि हिंदी मजकुरात 'निंदा' आला. १४ जुलैला वाजपेयी सरकारने सांगितलं, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज येणार नाही. श्रीलंकेचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नसेल, पण खोलीत ते बसलेलं होतं असं मला वाटतं. त्याआधी आणि नंतरही आपले जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली परदेशी जात राहिले, ती गोष्ट वेगळी. तिथे निघण्याचा ठराव दुसरं कुणीतरी करतं.

आपण हरलो का?

काकांना विचारलं तर म्हणतात, "माका विचारू नको, ज्यांनी धाडल्यानी त्यांका विचार."

शांतिसेनेत असलेल्याचे कागद घरी सापडले. काय करू?

ओरोसला किंवा रत्नागिरीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सेवापुस्तक, पेन्शनचा पीपीओ आणि आधार घेऊन जा, झेरॉक्स दोन-दोन. पदकं, कागदपत्रं याबद्दल पत्रव्यवहार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी होतो: महारसाठी मध्य प्रदेशातलं सागर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव. सेवा क्रमांक ठाऊक असेल तर अर्धं काम झालं. माणूस तिथे पडला असेल तर त्याचं नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर शोधा. २०१९ पासून ते उघडं आहे. कोलंबोजवळ बट्टरमुल्ला इथे श्रीलंकेनेही या जवानांचं स्मारक बांधलं आहे, ज्यांना एकदा माइकवरून जा सांगितलं होतं त्यांचंच.

पत्रं मात्र फेकू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. आमच्याकडची काकांची एकेचाळीस आंतर्देशीय पत्रं मी जुन्या पत्र्याच्या पेटीत, सुक्या कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली आहेत. लढाईचा शब्द एकातही नाही. म्हैस व्यायली का, कौलं शाकारली का, पोराला इंग्रजीत किती मार्क. फेब्रुवारी ९० च्या शेवटच्या पत्रात एकच वेगळी ओळ आहे: सामान बांधायला सांगितलंय, पण सांगू नको कुणाला, मागच्या वेळीही बांधलं होतं.